ठेवणे आणि सांभाळणे

मराठीतली ‘ठेवणे’ आणि ‘सांभाळणे’ ही दोन क्रियापदे वरवर पाहता सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. प्रत्यक्षात त्यांचे फारसे पटत नाही. ट्रंकेत वर्षानुवर्षे ठेवलेले लुगडे घडीवरच विरते आणि फडताळात जपून ठेवलेला कागद वाळवीच्या पोटात जातो. वस्तू ठेवली म्हणजे ती सांभाळली गेली असे नव्हे. हा भेद मला व्याकरणाच्या तासाला उमगला नाही. तो उमगला मोबाइलमधल्या फाइली संगणकावर नेताना!

आमच्या घरात संगणक नाही. अण्णांचा मोबाइल हाच घराची तिजोरी, कपाट आणि माळा. सातबाऱ्याचा फोटो त्यात, खताच्या पावत्या त्यात, धाकट्या बहिणीच्या बारशाचे चित्रीकरण त्यात आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्याही त्यातच. २०२३ च्या हिवाळ्यात, रात्रीची जेवणे उरकल्यावर, आजीच्या उशाशी मोबाइल ठेवून अण्णांनी त्या एकेक करून उतरवून घेतल्या. एकंदर ४१ ध्वनिमुद्रणे झाली. पुढच्या वर्षीच्या मार्गशीर्षात आजी गेली. आता तिचा आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते ठिकाण अण्णांच्या सदऱ्याच्या खिशातून, ते विहिरीवर वाकले की, पाण्याकडे डोकावत असे.

त्यातच तो मोबाइल ‘जागा अपुरी आहे’ म्हणून रोज कुरकुर करू लागला. इकडे वर्गात लोकसाहित्य शिकवताना सरांनी हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामाची ओळख करून दिली. खेड्यापाड्यांतल्या बायांच्या तोंडून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या वाचायला आणि ऐकायलाही मिळतात. मी आजीच्या ओव्यांचा विषय काढताच सर म्हणाले, “आधी त्या मोबाइलमधून बाहेर काढा. अभ्यास मागाहून.”

बाहेर काढा म्हणणे सोपे! गावातल्या दुकानातून आणलेली वायर घेऊन मी मराठी विभागातल्या संगणकासमोर बसले. मोबाइल जोडला. बॅटरीचे चिन्ह हलू लागले, पण संगणकाला त्याचा पत्ताच नाही. खटपट करता करता कळले ते असे की, साध्या यूएसबी वायरीच्या पोटात चार तारा असतात: दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. काही स्वस्त वायरींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. मग मोबाइलचे पोट भरते, पण तो तोंड उघडत नाही. पंगतीला येऊन भरपेट जेवून अवाक्षर न बोलता निघून जाणाऱ्या रुसलेल्या व्याह्यासारखा!

दुसरी वायर आणली. तरीही गाडे अडलेच, कारण मोबाइल आपण होऊन फक्त ‘चार्जिंग’ला तयार असतो. त्याचे कुलूप उघडायचे, वरून खाली येणाऱ्या सूचनांत यूएसबीची सूचना शोधायची आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचे, तेव्हा कुठे संगणकाला आत डोकावता येते. आधी मला ही सरकारी कचेरीतली अडवणूक वाटली. मग विचार केला, एस. टी. स्टँडवरच्या कुठल्याही परक्या जागी आपण मोबाइल चार्जिंगला लावतो. त्याने विचारल्याशिवाय घर उघडे टाकले तर कसे चालेल? दारावर कडी असावी हेच बरे.

माझ्या एका मैत्रिणीला हा सारा व्याप व्यर्थ वाटला. “व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव की! वायर कशाला?” पण मुंबईच्या आत्याने आजीचा जात्यापाशी बसलेला फोटो तसाच पाठवला होता. पाठवताना फोटो आक्रसतो. त्यात आजीचा चेहरा ओळखू येतो, पण फोटो मोठा करून पाहिला की हातावरच्या गोंदणाच्या जागी नुसता हिरवट डाग दिसतो. तोच फोटो आत्याने पुन्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला आणि गोंदणाचा ठिपका न् ठिपका उमटला. वाट तीच, पण एका वेळी माणूस पोहोचला आणि दुसऱ्या वेळी त्याची सावली.

आता राहिला मुख्य प्रश्न, ‘कट’ की ‘कॉपी’? ‘कॉपी’ हा शब्द आपल्या महाविद्यालयात परीक्षेच्या दिवसांत फार बदनाम होतो. पण इथे अब्रू राखतो तो तोच. ‘कट’ म्हणजे इथली वस्तू उचलून तिथे नेणे. वाटेत वायर निसटली तर काय कुठे अर्धवट राहील याचा नेम नाही. ‘कॉपी’ केले की मूळ जागच्या जागी राहते. म्हणून मी ४१ फाइलींची कॉपी केली, इकडच्या आणि तिकडच्या मोजल्या, प्रत्येकीचे आकारमान ताडून पाहिले आणि कानांत इअरफोन घालून एकूण एक ऐकल्या. ओवीच्या मागे गोठ्यातली घुंगरे वाजतात, आजी खोकते, अण्णा हळूच “पुढं?” म्हणतात. एका ठिकाणी ओवी मध्येच थांबवून ती विचारते, “एवढ्याशा डबीत समदं मावंल का रं?” मावले, आजी. सगळ्या मिळून ८० एमबीसुद्धा भरल्या नाहीत. डबी भरून गेली होती ती रोज सकाळी येणाऱ्या गुलाबांनी आणि उगवत्या सूर्यांनी!

मग त्यांचे बारसे केले. नुसते आकडे असलेल्या नावांवरून सहा महिन्यांनी कोणाला काय बोध होणार? आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात; पुढे गाणारीचे नाव आणि विषय. ‘२०२३-१२-०४ आजी माहेर’. देवनागरीतले नाव संगणक निमूटपणे स्वीकारतो. ज्याला नाव नाही ते सापडत नाही, आणि जे सापडत नाही ते असून नसल्यासारखे.

एक प्रत विभागातल्या संगणकावर राहिली, एक पेन ड्राइव्हमध्ये घालून घरी नेली. आणखी एक गूगल ड्राइव्हवर चढवली. तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते. मात्र खाते सलग दोन वर्षे वापरले नाही तर ते पुसले जाऊ शकते, असा नियम २०२३ मध्ये आला आहे. म्हणजे आकाशातल्या कोठारालाही राखणदार लागतोच. हे सारे मी नवीन शिकले असे वाटत होते, पण आजी जोंधळ्याचे बी ठेवी तेव्हा हेच करी. थोडे राखेत कालवून मडक्यात, थोडी कणसे आढ्याला टांगलेली आणि पायलीभर शेजारच्या काकूंकडे. “बी एका मडक्यात ठिवू नगं,” ती म्हणायची. ओव्याही अशाच जगल्या. आईच्या तोंडून लेकीच्या तोंडात प्रत उतरत गेली आणि प्रत्येक गावात एक मडके भरले. गावात पिठाची गिरणी आली, पहाटेचे दळण थांबले, आणि लेकींच्या तोंडी नवी प्रत उतरेनाशी झाली.

घरी येऊन मी अण्णांना विचारले, “सगळ्या नीट उतरल्या. आता मोबाइलमधल्या काढू?” अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “ऱ्हाऊ दे तितं. रातच्याला ऐकतो मी.” माझ्या लेखी ती चौथी प्रत होती, त्यांच्या लेखी तिथे त्यांची आई होती. मी ओव्यांना हात लावला नाही. गुलाब आणि सूर्य तेवढे पुसून टाकले, आणि मोबाइलची कुरकुर थांबली.

वाचकहो, आपल्याही घरात एखाद्या मोबाइलमध्ये असा एखादा आवाज नुसता ‘ठेवलेला’ असेल. या सुट्टीत तो सांभाळा. आणि वायर घेताना दुकानदाराला एवढे जरूर विचारा: “हिच्यात चारही तारा आहेत ना?”