यादीतलं पुस्तक, कपाटातलं पुस्तक

हल्ली वाचनालयात जाण्याआधी लोक एआयला विचारतात. मीही विचारलं : मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकांच्या कादंबऱ्या सांग. झटक्यात यादी आली. तीत हमीद दलवाईंची 'इंधन' होती, आणि काही नावं अशी, जी कुठल्याच ग्रंथसूचीत सापडली नाहीत.

हे सगळीकडे घडतंय. मे २०२५ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'ने छापलेल्या यादीतल्या १५ पुस्तकांपैकी १० पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. आपला धोका जास्त आहे. सोलापूरला १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्या चळवळीतली कितीतरी पुस्तकं छोट्या प्रकाशकांनी काढलेली, इंटरनेटवर न आलेली. यंत्राला ती ठाऊक नाहीत, आणि 'ठाऊक नाही' असं ते सहसा म्हणत नाही.

आमच्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. अशा ठिकाणी चांगला ग्रंथपाल सांगतो, "असं पुस्तक नाही," आणि लगेच, "पण हे वाचून बघा." सूची करायला यंत्र खुशाल घ्यावं. ही दोन वाक्यं बोलणारा माणूस मात्र कमी करू नये. नाहीतर लोक नसलेली पुस्तकं शोधत बसतील आणि आपली असलेली पुस्तकं कपाटातच राहतील.