अबू नावाचा मासा

चांद दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळची ओहोटी लांबवर जाते, हे मला मामूंनी लहानपणी शिकवलं. यंदा जानेवारीत अशाच एका सकाळी फजरची नमाज आटोपून आम्ही दोघं रत्नागिरीच्या कातळावर उतरलो. मामूंनी होडी सोडून चार वर्षं झाली. नजर अधू झालीय. हट्ट मात्र कायम. "समुद्राकडे पाठ करू नकोस," एवढंच बजावून ते दगडावर बसले.

मला पट्ट्यांचा एक मासा टिपायचा होता. तळहाताएवढा, पाठीवर पिवळसर झाक, अंगावर काळे उभे पट्टे. लाट फुटते तिथेच तो वावरतो. फेस उसळला की कॅमेऱ्यात नुसता पांढरा धूर. लाट ओसरली की तीन-चार सेकंद पाणी निवळतं, तेवढीच संधी. काठीला कॅमेरा बांधून खाचेत बुडवून धरला. तिसऱ्याच लाटेनं मला गुडघ्यावर आणलं. कॅमेरा वाचला, गुडघा सोलवटला. मामू काही बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

घरी व्हिडिओ सावकाश लावला, पट्टे मोजले. पाच. उत्साहात नाव ठोकून दिलं आणि मित्रांना पाठवलं. ते चुकलं. मी लिहिलेली जात अटलांटिकमधली. आपल्याकडचा तिचा भाऊबंद वेगळा. दोघांना पाचच पट्टे, म्हणून एके काळी जाणकारही दोघांना एकच समजत. सहा-सात बारीक पट्ट्यांचा आणखी एक चुलत भाऊही आपल्या खडकांत असतो. इंग्रजीत या मंडळींना 'सार्जंट मेजर' म्हणतात, गणवेशावरच्या पट्ट्यांवरून.

पण मी थबकलो ते शास्त्रीय नावावर. अबुडेफडफ. हे तर अरबी! अबू म्हणजे बाप, दफ म्हणजे कूस. उठावदार कुशींचा, असा त्याचा अर्थ लावतात. लिनियसचा शिष्य फॉर्सकोल 1761 साली डेन्मार्कच्या मोहिमेबरोबर अरबस्तानाकडे निघाला. तिथले लोक माशांना काय म्हणतात, ते तो टिपून घेई. 1763 मध्ये येमेनमध्ये तो वारला. त्याचा सोबती नीबूर त्याच वर्षी मुंबईला पोचला, घारापुरीची लेणी पाहिली, आणि 1775 मध्ये त्यानं मित्राची टिपणं छापली. त्यातच हे नाव होतं.

म्हणजे तांबड्या समुद्राच्या काठावर कुणीतरी त्या परक्या माणसाला हा शब्द सांगितला. सांगणाऱ्याचं नाव कुठेच नाही. शब्द अडीचशे वर्षं टिकला.

रात्री मामूंना व्हिडिओ दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांशी धरला. एक मासा जागा सोडत नव्हता, येईल त्याच्या अंगावर धावत होता. मला वाटलं, भांडकुदळ असेल.

"भांडत नाय तो. मागं दगडावर बघ, जांभळट डाग. अंडी हायत. बाप राखतोय."

पुन्हा पाहिलं. डाग होता. दिवसभर व्हिडिओ पाहूनही मला दिसला नव्हता. या माशांत अंडी नरच राखतो, हे मी नंतर वाचलं.

दुसऱ्या दिवशी एक वही आणली. मामू सांगतात, मी लिहितो. पहिल्या पानावर वर त्यांचं नाव घातलंय.