मांडीतलं राखीव दल

रविवार, १२ जानेवारी २०२५
राजगड झाला. चोर दरवाजाने वर, पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी खाली. चढताना धाप लागते म्हणून आपण चढाला घाबरतो. स्नायूंची वाट लागते ती उताराने. प्रत्येक पायरीला मांडीचा पुढचा स्नायू अंगाचा भार पेलत असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. त्यात तंतूंना बारीक बारीक इजा होते. आज मात्र काही दुखत नाही.

सोमवार, १३ जानेवारी
दुखायला लागलं! जिना पाठमोरी उतरले, कठडा धरून. जिमवाला भाचा म्हणाला, “मावशी, लॅक्टिक ॲसिड साठलंय.” ते तर काल तासा-दोन तासांतच निघून गेलं असणार. हे दुखणं इजेनंतर येणाऱ्या दाहाचं. पांढऱ्या पेशी येऊन मोडतोड उचलतात, मग दुरुस्ती सुरू होते.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत
ठणका शिगेला. गुळाच्या पोळ्या ओट्याशी उभ्यानेच लाटल्या, खाली बसायची सोय नव्हती. पण आत कामाला जोर आला असेल तो आताच. स्नायूचा एक तंतू म्हणजे शेकडो केंद्रकं असलेली एकच लांबलचक पेशी, आणि त्या केंद्रकांना स्वतः विभागता येत नाही. मग नवी केंद्रकं येतात कुठून? तंतूच्या पटलाला चिकटून, पण त्याच्या बाहेरच्या आवरणाच्या आत, काही चिमुकल्या पेशी निजलेल्या असतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ साली बेडकाच्या पायाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहिल्या आणि त्यांना ‘सॅटेलाइट सेल’ म्हटलं. या म्हणजे स्नायूतल्या मूळपेशी. इजा झाली की जाग्या होतात, विभागतात. बऱ्याचशा तंतूत मिसळून जातात, काही पुन्हा निजतात. पुढच्या खेपेला राखीव दल हवंच ना!

गुरुवार, १६ जानेवारी
वेदनाशामक गोळी हातात घेऊन ठेवून दिली. २००७ च्या एका डॅनिश अभ्यासात धावपटू ३६ किलोमीटर धावले. गोळी न घेतलेल्यांच्या स्नायूत आठव्या दिवशी या पेशी वाढलेल्या होत्या, इंडोमेथॅसिन घेतलेल्यांच्या नव्हत्या. म्हणून गोळी वाईट असा नियम काढायचा नाही. साठीपुढच्यांनी १२ आठवडे वजनं उचलली तेव्हा रोज आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घेणाऱ्यांचे स्नायू उलट जास्तच वाढले. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या अप्पांची गोळी डॉक्टर सांगतील तशीच चालू.

शनिवार, १८ जानेवारी
२०११ साली प्रौढ उंदरांमधून या पेशी काढून टाकून पाहिलं. मग इजा केली, तर स्नायू भरून येईना. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने इजा न करता नुसता भार वाढवला, तर पेशी नसतानाही दोन आठवड्यांत स्नायू फुगला. म्हणजे दुरुस्ती आणि वाढ ही दोन वेगळी खाती. हे मला फार आवडलं. पाठ्यपुस्तकांत दोन्ही एकाच ओळीत उरकतात.

रविवार, १९ जानेवारी
खुब्याच्या ऑपरेशननंतर अप्पांची उजवी मांडी इतकी वाळली आहे की पायजम्यातूनही कळतं. फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून उठबस सांगितली आहे, हातांचा आधार न घेता. “या वयात काय भरणार आता?” हे त्यांचं पालुपद. म्हातारपणी जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंभोवतीच्या मूळपेशी कमी होतात हे खरं, आणि अडखळल्यावर तोल सावरायला नेमके तेच तंतू लागतात. पण सत्तरीच्या पुरुषांनी १२ आठवडे पायांचे भारव्यायाम केले तेव्हा याच तंतूंभोवती त्या पेशी वाढलेल्या दिसल्या. गुडघ्यासाठी ‘स्टेम सेल’ची जाहिरात मात्र अप्पा कापून ठेवतात. घरच्या फुकटच्या पेशींवर भरवसा नाही. मी काही बोलले नाही, खुर्ची भिंतीला टेकवली. चौथ्या वेळी त्यांनी हात टेकले. ती मोजायची नाही, असं आमचं ठरलं.