एक फाइल, दोन मालक

घरच्या संगणकावर डेबियन आहे. परवा एक पॅकेज घालायला गेलो, तर डीपीकेजी अडून बसला : यातली एक फाइल आधीच दुसऱ्या पॅकेजच्या नावावर आहे! वा रे पठ्ठ्या! एकाच लॉकरवर दोन भाऊ हक्क सांगू लागले की काउंटरवर मीही असाच अडतो.

मग जुनं पॅकेजच काढायला निघालो. एपीटीनं बजावलं, त्याच्यावर अवलंबून असलेली मंडळीही जातील. यादी लांबलचक. कोण वाचतो? ‘वाय’ दाबलं. संगणक पुन्हा लावला, तर खिडक्याबिडक्या गुल! काळ्या पडद्यावर एक ओळ फक्त नाव विचारत होती. माझे कागद तेवढे शाबूत.

“गिऱ्हाइकांना सांगता ना, वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून?” ही म्हणाली.

मी निमूटपणे चहा मागितला. चहा साखरेवर अवलंबून होता, साखर वाण्यावर, आणि वाणी मागच्या बिलावर.