मेणवलीच्या घाटावर पेन्सिल घेऊन

वाईहून मेणवली जेमतेम कोसभर. नाना फडणविसांचा वाडा, त्याच्या मागल्या अंगास कृष्णेचा अर्धचंद्राकृति घाट आणि घाटावरचीं मेणेश्वराचीं व विष्णूचीं देवळें ही शोभा पुष्कळांनीं पाहिली असेल. इतिहासाभ्यासकांस ठाऊक असलेलें मेणवली दप्तर याच वाड्यांतलें. आम्ही मात्र गेलों होतों चित्र काढावयास, आणि तेंही चाळीस वर्षांनंतर!

शाळेंत असतांना आम्हीं काढलेल्या मडक्याच्या चित्रावर तांबडी फुली मारून तें साऱ्या वर्गास दाखविण्यांत आलें होतें. त्या दिवसापासून पेन्सिल केवळ वाण्याच्या यादीपुरती हातीं धरली. परंतु आमचे शेजारी, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, प्रवासांत बरोबर होते. त्यांच्या भरीस पडून आम्हीं कागद घेतला.

घाटावर एका लहानशा देवळींत मोठी पंचरसी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाल येशूसह मेरीमातेची आकृति असून १७०७ हा सन कोरलेला आहे. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर मराठ्यांनीं जीं चर्चचीं घंटांचीं लूट आणली, त्यांतलीच ही, असें सांगतात. आम्हीं बसल्याबरोबर तीच काढावयास घेतली. तासाभरानें कागदावर उतरलें तें पुन्हा मडकेंच, आणि तेंही चेपलेलें! आम्ही कागद फाडणार, तों मास्तर म्हणाले, "अहो, गवई बैठकींत येतांच चीज म्हणतो काय? आधीं षड्ज तर लावाल!"

दुसऱ्या दिवशीं उजाडतांच त्यांनीं आमच्यापुढें रद्दी वर्तमानपत्रें टाकलीं. पेन्सिल टोंकापासून बरीच वर, हलक्या हातीं धरावयाची. मनगट टेकावयाचें नाहीं. हात खांद्यापासून फिरवावयाचा. दोन ठिपके द्यावयाचे, पेन्सिल कागदाला न लावतां त्यांवरून दोनतीनदां फिरवावयाची, आणि मग दृष्टि दुसऱ्या ठिपक्यावर ठेवून एका दमांत रेघ ओढावयाची. समोर घाटाच्या पायऱ्या होत्याच. त्यांच्याकडे पाहात पन्नासएक रेघा झाल्या. पहिल्या दहा थरथरल्या. पुढें पुढें हात आपोआप सैलावला. त्यानंतर वर्तुळें, एकदां उजवीकडून, एकदां डावीकडून. मग दोन समांतर रेघांच्या मध्यें बसतील अशीं लंबवर्तुळें. घंटेचें तोंड बाजूनें पाहिलें असतां लंबवर्तुळच दिसतें, हें आम्हांस तेव्हां कुठें उमगलें. काल आम्ही आपल्या डोक्यांतली घंटा काढीत होतों, डोळ्यांपुढली नव्हे.

सर्वांत गमतीचा प्रकार पुढेंच. कागदाकडे मुळींच न पाहतां, जणू पेन्सिल वस्तूलाच टेकली आहे अशा भावनेनें, तिच्या कडेवरून डोळा आणि हात बरोबरच सावकाश न्यावयाचे. अमेरिकन चित्रशिक्षक किमॉन निकोलाइडीस यांच्या 'द नॅचरल वे टू ड्रॉ' या पुस्तकांत हा अभ्यास विस्तारानें दिला आहे. निकोलाइडीस १९३८ त वारले व पुस्तक १९४१ त निघालें. बिचाऱ्यांस तें छापलेलें पाहतां आलें नाहीं. आमची पिंपळाची फांदी या रीतीनें अगदीं विद्रूप झाली. मास्तर म्हणाले, "होऊं दे! ती दाखवावयाची नसतेच." हे शब्द ऐकून आम्हांस किती हायसें वाटलें, हें ज्यांच्या चित्रावर कधीं फुली पडली आहे त्यांसच कळेल.

शेवटीं धुणें धुणाऱ्या बायांचीं एकेका मिनिटाचीं रेखाटनें केलीं. नाक, डोळे कांहीं नाहीं. केवळ पाठीचा बांक आणि उगारलेला हात. या साऱ्यास वीसएक मिनिटें लागलीं असतील. मग आम्ही पुन्हा घंटेपुढें बसलों.

चित्र होत आलें तेव्हां धुण्याची बादली घेऊन चाललेली एक बाई मागें थांबली. क्षणभर पाहून म्हणाली, "घंटाच हाय की आमची! पर टांगलीया कशाला?"

खरेंच, घंटा कागदावर अधांतरीं लोंबत होती. आम्हीं वरची देवळी काढावयास घेतली.