घरातला लाल दिवा

रोझेशियाला इंग्रजीत एक जुनं टोपणनाव आहे: केल्ट लोकांचा शाप. म्हणजे आयरिश, स्कॉटिश, दुधासारख्या गोऱ्या माणसांचा आजार. मी सांगलीचा, गव्हाळसुद्धा नाही, सरळ सावळा. त्यामुळे माझ्या गालांची आग होते हे कोणाला पटेचना.

सावळ्या त्वचेवर ही लाली लाल दिसतेच असं नाही. कधी तपकिरी, कधी किंचित जांभळट दिसते, कधी दिसतच नाही. दिसतात त्या पुळ्या. मग मेडिकलवाला मुरमांचं मलम काढून देतो. गावी गेलो की आई 'उष्णता झालीय' म्हणत सब्जा भिजत घालते. ऑफिसात स्टँडअपला चेहरा तापला की कोणीतरी हळूच विचारतं, "काल जास्त झाली का रे?" मी पीत नाही. पण हे सांगताना चेहरा आणखी तापतो. जवळजवळ वर्षभर मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवला.

स्किनच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न रंगाबद्दल विचारलाच नाही. "गरम चहा प्यायलास की जळजळतं? डोळे चुरचुरतात?" दोन्हीला हो. मेट्रोनिडॅझोलचं जेल, रोज सनस्क्रीन, आणि कुठलंही स्टेरॉइडचं क्रीम लावायचं नाही अशी तंबी. गोरं दिसायला लोक चिठ्ठीशिवाय जी मलमं आणतात, त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. महिनोन् महिने लावलं की चेहरा असाच पेटतो.

एलईडी मास्क मी दोन महिन्यांनी, त्यांना विचारून घेतला. प्रकाशाने त्वचेवर उपचार करणं हे काही थोतांड नाही. त्वचेच्या क्षयावर दिव्याने उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना 1903 साली नोबेल मिळालं होतं. पण तो आजार वेगळा, दिवाही वेगळा. घरच्या मास्कमध्ये साधारण 630 नॅनोमीटरचा लाल प्रकाश असतो आणि 830च्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं एक एन्झाइम तो शोषतं आणि त्यातून दाह कमी होतो, अशी मांडणी आहे. रोझेशियावरचे अभ्यास मात्र छोटे, थोड्याच माणसांवर झालेले. फुगलेल्या रक्तवाहिन्या हा दिवा मिटवत नाही. त्यासाठी दवाखान्यातलं लेझर किंवा आयपीएल लागतं. सावळ्या त्वचेवर तेही जपून, कारण डाग राहू शकतात. मास्कमधला निळा मोड मी वापरत नाही. निळ्या-जांभळ्या प्रकाशाने आपल्यासारख्या त्वचेवर काळपटपणा वाढू शकतो.

डोस म्हणजे साधा गुणाकार. दर चौरस सेंटिमीटरला 30 मिलीवॉट, 10 मिनिटं म्हणजे 600 सेकंद. झाले 18 ज्यूल. मिनिटं वाढवून फायदा वाढतो असं नाही. उष्णता हाच तर या आजाराचा ट्रिगर. म्हणून आठवड्यातून तीनदाच, डोळ्यांवर गॉगल, समोर पंखा, आणि मास्क गरम लागला की लगेच बाजूला. उन्हाचा त्रास वाढवणारी डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

मास्कच्या खोक्यावर आधीचे-नंतरचे फोटो होते. सगळे गोरे गाल, आधी लाल, मग गुलाबी. माझे 12 आठवड्यांचे फोटो शेजारी ठेवले तर सगळे सारखेच. माझं दुखणं फोटोत येतच नाही, मग त्याचं बरं होणं तरी कुठून येणार? म्हणून मी एक शीट बनवली. रोज रात्री एकच आकडा: आज जळजळ किती, 0 ते 10.

आठवड्याची सरासरी 6 वरून 3 वर आली आहे. श्रेय दिव्याचं, जेलचं, की मध्येच थंडी सुरू झाली तिचं, हे एका माणसाच्या डेटावरून सांगता येत नाही. पण डॉक्टरबाई आता आधी शीट बघतात, मग चेहरा. आणि मीटिंगमध्ये कोणी काही विचारलंच, तर आजाराचं नाव सांगून पुढच्या मुद्द्यावर जाता येतं. कॅमेरा चालू असतो.

आईला रोझेशिया हा शब्द नीट म्हणता येत नाही. व्हिडिओ कॉलवर ती आधी नेहमी म्हणायची, "चेहरा तर बरा दिसतोय की." आता ती तसं म्हणत नाही. ताप विचारावा तसं विचारते, "आज किती?"