वितळतार आणि हळदीचा कागद

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद-व्यापाऱ्याच्या घरी गेली कित्येक वर्षे एक वाक्य वारंवार उच्चारले जात असे. "विज्ञान आपल्या घराण्यात नाही." कोणी पाहुणा मुलांच्या शिक्षणाविषयी विचारू लागला, की अण्णा हसून हे वाक्य म्हणत आणि विषय हळदीच्या भावाकडे वळवीत. वाक्य निरुपद्रवी वाटे. परंतु घरात वारंवार बोललेली गोष्ट मुले ऐकत असतात आणि हळूहळू ती खरी धरून चालतात, हे अण्णांच्या ध्यानात यायला एक गुणपत्रक यावे लागले.

धाकटी लेक दहावीत होती. सराव परीक्षेत गणितात तिला उत्तम गुण पडले, भाषांतही पडले; विज्ञानाच्या पहिल्या भागात मात्र चाळीसपैकी तेरा. सूर्यास्तापूर्वीचे जेवण चालू असताना आईने कारण विचारले, तेव्हा मुलीने मान वर न करता सांगितले, "विज्ञान आपल्या घराण्यातच नाही ना, आई."

अण्णांचा हात ताटातच थांबला. आपलेच वाक्य लेकीच्या तोंडून ऐकताना ते विनोदी वाटेना. त्याच रात्री दुकानाचा रोजमेळ मिटवून ते तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. "रोज एक धडा तू मला शिकव," ते म्हणाले. "मला कळला, तर तुला कळला असे समजू."

पहिल्या रात्री विजेचा धडा निघाला. विद्युतधारा, विभवांतर आणि रोध या तीन शब्दांतच मुलगी अडखळत होती. अण्णांनी तिला शेतातील पाटाचे उदाहरण दिले. विहिरीवरची टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. पाट जितका अरुंद, तितकी अडवणूक. आणि प्रत्यक्ष वाहते ते पाणी. मुलीला एकदम उजेड पडला. जर्मन शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम तिने न पाहता वहीत लिहिला: तापमान व वाहकाची स्थिती तीच असेल, तर धारा विभवांतराच्या प्रमाणात वाढते.

मग वितळतारेचा, म्हणजे फ्यूजचा, भाग आला. धारा मर्यादेबाहेर गेली, की कमी तापमानाला वितळणारी ही तार आधी स्वतः वितळते आणि पुढचे सारे वाचवते. सरावासाठी खरे उदाहरण हवे म्हणून मुलीने विचारले, "अण्णा, आपल्या गोदामात काय काय चालते?" अण्णा सांगत गेले आणि ती लिहीत गेली. पोती शिवायचे व पिशव्या बंद करायचे यंत्र ६०० वॅट, हवा बाहेर फेकणारे दोन पंखे मिळून ३०० वॅट, दिवे आणि साधे पंखे २०० वॅट, हमालांच्या चहाची विजेची किटली १,५०० वॅट. बेरीज २,६०० वॅट. भागिले २३० व्होल्ट. उत्तर आले ११ अँपिअरच्या थोडे वर.

"आणि फ्यूज किती अँपिअरचा आहे?"

"पाचचा," अण्णा म्हणाले आणि तिथेच थबकले.

पाच अँपिअरची तार या भाराखाली टिकली नसती. ती टिकत नव्हतीच. गेल्या वर्षी किटली आल्यापासून फ्यूज दर दोन दिवसांनी उडे. ऐन सौद्याच्या वेळी काम अडे म्हणून अण्णांनीच एका दुपारी त्या जागी तांब्याची जाड तार वळवून घातली होती. त्यानंतर फ्यूज एकदाही उडाला नाही, आणि शेजारच्या अडत्यांना ही युक्ती त्यांनी कौतुकाने सांगितलीही होती.

मुलीने पुढचे पान उलटले. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा जूल यांचा नियम तिथे होता. पाचाच्या जागी अकरा अँपिअर म्हणजे दुपटीहून थोडी जास्त धारा. पण उष्णता जवळजवळ पाचपट. "तांब्याची तार वितळणार नाही, अण्णा. मग तापणार काय? भिंतीतली वायर."

आणि त्या भिंतीला टेकून पोत्यांची थप्पी होती.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. सकाळी पाहू, असे अण्णा म्हणाले नाहीत. बॅटरी घेऊन ते गोदामात गेले आणि मुख्य खटका बंद करून आले. दुसऱ्या दिवशी वायरमनने बोर्ड खोलला, तेव्हा आतल्या वायरीचे वेष्टण वीतभर काळे पडून ठिसूळ झालेले निघाले. त्याने काही न बोलता ते अण्णांच्या हातावर ठेवले. जाड वायरीची नवी लाइन पडली, योग्य मानांकनाचा खटका बसला, किटली तिथून हलली. रात्री अण्णांनी लेकीला एवढेच सांगितले, "पोरी, काल तू धडा शिकलीस आणि गोदाम वाचले."

दुसरा धडा आम्ल आणि आम्लारी यांचा. प्रयोगशाळेत पाहिलेला लिटमस कागद मुलीच्या लक्षात राहत नव्हता. लाल कशात निळा होतो आणि निळा कशात लाल, यात तिचा दर वेळी घोटाळा होई. अण्णा उठले आणि नमुन्याच्या डब्यातून चमचाभर राजापुरी हळद घेऊन आले. आईने टीपकागदाच्या पट्ट्या कापून दिल्या. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या त्या पिवळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या गेल्या. चुन्याची निवळी लागताच पट्टी तांबडी झाली, साबणाचे पाणी लागताच झाली, पापडखारानेही झाली. लिंबू, ताक आणि चिंचेचे पाणी यांनी मात्र ती पिवळीच राहिली.

आई म्हणाली, "हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे तर धुणे धुणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते." पूर्वी घरोघरी हळदीपासून कुंकू करीत, त्यामागेही हळदीचा हाच गुण, असेही तिने सांगितले. मुलीने त्यामागचे कारण सांगितले. हळदीतील पिवळे द्रव्य, करक्यूमिन, आम्लारीच्या सान्निध्यात आपले रूप बदलते. सामू साधारण आठच्या वर गेला, की रंग तांबूस होतो. पण शुद्ध पाणी आणि लिंबू यांतला फरक हळदीला सांगता येत नाही; दोन्हींत ती पिवळीच. म्हणून प्रयोगशाळेला लिटमसही लागतो. मग तिने तांबड्या पट्टीवर लिंबाचे दोन थेंब टाकले. पट्टी पुन्हा पिवळी झाली. "उदासिनीकरण," ती हलकेच म्हणाली. "आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी." हे वाक्य ती महिनाभर पाठ करीत होती; आज ते तिच्यासमोर घडले.

अण्णा बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिले. नंतर म्हणाले, "हाच प्रश्न मला आला होता."

"कधी?"

"माझ्या दहावीला. त्या दिवशीही माझ्या बोटांना हळदच लागली होती. सकाळी दुकानात पोते उघडून गेलो होतो. उत्तर बोटांवर होते, आणि मी कागद कोरा ठेवून आलो. विज्ञानात नापास झालो."

घरात सर्वांना ठाऊक असलेली हकिकत वेगळी होती. आजोबा आजारी पडले म्हणून अण्णांनी शाळा सोडली, असे सांगितले जाई. आजोबांचे आजारपण खरे होते, पण ते पुढच्या वर्षी आले होते.

मुलीने विचारले, "मग ऑक्टोबरच्या परीक्षेला का बसला नाहीत?"

"लाज वाटली, बाळ. एका विषयाची लाज लपवायला मी साऱ्या घराण्याचे नाव पुढे केले. घराण्यात विज्ञान नव्हते असे नाही. मी त्याच्याकडे पाठ फिरवली, एवढेच."

आईने काही विचारले नाही. तिने पट्ट्या गोळा केल्या आणि टेबल पुसून दिले. मुलगी मात्र त्या रात्री उशिरापर्यंत समीकरणे संतुलित करीत बसली होती, आणि समोर बसून अण्णा डावी-उजवी बाजू खातेवहीसारखी जुळवून पाहत होते. जमा आणि नावे जुळल्याशिवाय पान उलटायचे नाही, हा नियम तरी त्यांना कोणी शिकवायला नको होता.

तिसरा धडा परिसंस्थेचा. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. मुलीने सांगितले, की एका पातळीवरून पुढच्या पातळीवर सुमारे दहा टक्केच ऊर्जा जाते; अमेरिकन शास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांच्या १९४२ सालच्या लेखापासून हा हिशेब रूढ झाला. गवतात दहा हजार ज्यूल असतील, तर नाकतोड्यात हजार, बेडकात शंभर, सापात दहा, घारीत एक.

"हा कसला व्यापार?" अण्णा हसले. "प्रत्येक दलाल शंभरातले नव्वद ठेवून घेतो!"

"ठेवून घेत नाही, अण्णा. बराचसा वाटा जगण्यातच खर्च होतो आणि उष्णता होऊन जातो. काही न खाल्लेले, न पचलेले मातीत पडते. ऊर्जा परत येत नाही. ती रोज सूर्याकडून नव्याने यावी लागते. द्रव्य मात्र परत येते. विघटक ते मातीच्या खात्यात जमा करतात." थोडे थांबून ती म्हणाली, "म्हणून जो धान्य खातो, तो साखळीत खाली राहतो. तेवढ्याच शेतावर अधिक माणसे जगतात."

आजीला हा हिशेब फार आवडला. तिने तो दोनदा सांगायला लावला.

मग अण्णांनी हरिपूरच्या पेवांची गोष्ट काढली. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या गावी जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिके. पेव उघडले, की लगेच कोणी उतरत नसे. ते काही वेळ उघडे ठेवून आत कंदील सोडायचा, तो विझला तर थांबायचे. मुलीने कारण जोडले: बंद पेवात श्वसनाने प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. ज्या हवेत ज्योत तगत नाही, तिथे माणसाचाही भरवसा नाही. २००५ च्या महापुरात यातली कितीतरी पेवे पाण्याखाली जाऊन ढासळली. नदीकाठची माती, नदी, शेत आणि पेढी ही एकाच जाळ्याची टोके आहेत, हे अण्णांनी त्या वर्षी नुकसानीच्या आकड्यांत पाहिले होते. आता ते पुस्तकाच्या आकृतीत पाहत होते.

मार्चमध्ये परीक्षा झाली. पहिल्या भागाचा पेपर देऊन मुलगी परस्पर दुकानावर आली आणि शांतपणे म्हणाली, "एकही प्रश्न कोरा सोडला नाही." गुण किती पडतील, हे अण्णांनी विचारले नाही.

ते जुने वाक्य त्या घरात आता ऐकू येत नाही. परवा एका नव्या हमालाने गोदामात पाणी तापवायची कांडी लावू का, म्हणून विचारले. अण्णांनी गल्ल्यातून पेन्सिल काढली, कागद ओढला आणि म्हणाले, "थांब. किती वॅटची आहे ते सांग. आधी हिशेब करू."